वरच्या मजल्यावरचा पिंप

इंगोलेबाईंच्या दोन खोल्यांत इतकं सामान होतं की तिथल्या उंदरांनी कंटाळून घर बदललं, असं लेआउटमधले, म्हणजे त्या वसाहतीतले, सगळे सांगायचे. काही जण तर शपथेवर सांगायचे. पुढे म्हातारा उंदीर, मागे त्याचं बिऱ्हाड, अशी रांग भरदुपारी रस्ता ओलांडून समोरच्या वानखडेंच्या कोठीत शिरली आणि आत गेल्यावर सगळ्यांनी हातपाय ताणून घेतले म्हणे. उंदरांचं सोडून द्या. पण खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक भास्करराव ढोमणे यांच्या छताला, देवघराच्या बरोबर वर, तडा गेला होता, आणि त्यात काही अतिशयोक्ती नव्हती. सकाळी पूजेला बसलं की देवांच्या डोक्यावर अक्षतांच्या आधी चुना पडायचा.

गाव वऱ्हाडातलं. नाव कशाला हवं? तिथली माणसं भांडखोर आहेत. काळ अजून यायचाय, पण फार लांब नाही. आज जी पोरं दुसरी-तिसरीत आहेत, ती तेव्हा लग्नाला आलेली असतील. उन्हाळा फेब्रुवारीतच सुरू होत असेल आणि नळ आठवड्यातून एकदा येत असेल. म्हणजे त्या बाबतीत फारसं काही बदललेलं नसेल.

भास्कररावांनी नोकरीभर विजेचे मीटर वाचले होते. दारोदार फिरताना त्यांना एकच गोष्ट पटली होती: माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही. "साहेब, आम्ही तर महिनाभर गावाला होतो," असं म्हणणाऱ्या किती जणांच्या घरात मीटर भोवऱ्यासारखा फिरताना त्यांनी पाहिला होता! निवृत्तीनंतर वाचायला मीटर उरला नाही, आणि वर राहायला इंगोलेबाई आल्या.

कौसल्या इंगोले एस.टी.च्या डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायच्या. विसरलेल्या छत्र्या, डबे, चष्मे, काठ्या, एकेक चप्पल. खिडकी कायमची बंद झाली तेव्हा वरून हुकूम आला की सगळं भंगारात द्या. बाईंनी ते दिलं नाही. ऑटोच्या खेपा करून घरी आणलं. आणि सवयच ती, निवृत्तीनंतरही रस्त्यात काही पडलेलं दिसलं की त्या उचलून आणायच्या.

"बाई, एवढं कशाला साठवून राहिल्या?" भास्कररावांनी पहिल्या वर्षी जिन्यात विचारलं होतं.

"साठवून कुठं राहिली, भाऊ? माझं थोडंच आहे ते? उद्या मालक आला तर त्याला काय सांगू, टाकलं?"

या उत्तराला उत्तर नव्हतं. भास्कररावांनी दोन वर्षं शोधलं. मग छताला तडा गेला आणि त्यांनी एक गाढवपणा केला. बाई पेन्शनच्या कामाला गेल्या असताना दुसऱ्या किल्लीनं दार उघडून ते आत डोकावले. फक्त डोकावले, कारण पाय ठेवायला जागा नव्हती. पण बाईंनी परत आल्याबरोबर ओळखलं. शेकडो छत्र्यांच्या त्या ढिगाऱ्यातली एक छत्री वीतभर सरकली होती.

तोपर्यंत देशात एकांत कायदा आला होता. परवानगीशिवाय भाडेकरूच्या घरात शिरायचं नाही, कॅमेरा लावायचा नाही, फटीतून पाहायचं नाही, भिंतीला कान लावायचा नाही. भाडे न्यायाधिकरणानं भास्कररावांना खडसावलं, किल्ली काढून घेतली आणि जिन्याच्या वळणाच्या वर पाऊल टाकायला बंदी केली. स्वतः बांधलेल्या घरात त्यांना अर्धाच जिना उरला.

"बरं झालं," त्यांची बायको मंदाकिनी म्हणाली. "तुमचे गुडघे वाचले."

*

मापक कंपनीची तृप्ती चिंचोळकर आली ती अशा वेळी. हातात रंगाचा डबा आणि तोंडात साखर.

"काका, आपल्याला वर जायचंच नाही. रंग द्यायचा तो तुमच्याच छताला. आणि बाहेरच्या भिंतींना. छत तुमचं, भिंती तुमच्या. कायदा काय म्हणेल?"

तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. घरातल्या वायफायच्या लहरी भिंतींतून, छतातून आरपार जात असतात. कापडातून, कागदातून, लाकडातून जाताना त्या जराशा रेंगाळतात. लोखंडावर आपटून परत फिरतात. पाण्यात शिरल्या की जवळजवळ बुडतातच. रंगात मिसळलेले बारीक कण या लहरी ऐकतात. कुठली लहर उशिरा आली, कुठली अशक्त झाली, कुठली आलीच नाही, यावरून एक पेटी हिशेब मांडते आणि फोनवर चित्र काढते. रिकामी जागा पांढरी, हलकं सामान राखाडी, जड ते काळं. शेजारी एकूण वजनाचा अंदाज आणि एक काटा. छताला पेलणार नाही इतका भार झाला की काटा लाल होतो आणि भाडेकरूला आपोआप नोटीस जाते.

काटा म्हटल्यावर भास्कररावांचे डोळे चमकले.

"अन् बाई कशा दिसतील त्यात?" मंदाताईंनी विचारलं.

"दिसणारच नाहीत, काकू. माणूस म्हणजे बहुतेक पाणीच असतं, तसा तो ठळक दिसायला हवा. पण कायद्यानं बंदी आहे. जे हलतं, श्वास घेतं, ते यंत्र ओळखतं आणि चित्रातून पुसून टाकतं. जिवंत माणूस चित्रात येता कामा नये."

"म्हणजे घर दिसंल, अन् घरातली बाई नाही?"

"तोच तर एकांत, काकू."

"मांजर?"

"मांजरही नाही."

"देवा रे," मंदाताई म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

*

त्यानंतर भास्कररावांची सकाळ वर्तमानपत्रानं सुरू होईनाशी झाली. चहाच्या पेल्याशेजारी फोन, फोनवर बाईंचं घर. महिनाभरात त्यांना ते स्वतःच्या घरापेक्षा जास्त पाठ झालं. दारापासून पलंगापर्यंतची अरुंद पांढरी पायवाट. खिडकीपाशी ट्रंकांचा काळा डोंगर. आतल्या खोलीच्या मधोमध, देवघराच्या डोक्यावर, एक भलंमोठं राखाडी गाठोडं.

गप्प बसले असते तर ते भास्करराव कसले?

"काय बाई, पलंगाखाली काल नवीन काय आणलं?" त्यांनी जिन्यात विचारलं.

बाईंच्या हातातली पिशवी खाली आली. "तुम्हाला कसं समजलं?"

"आम्हाला समजते."

त्या दिवसापासून बाईंनी 'भाऊ' म्हणणं सोडलं. मंदाताईंशी बोलायच्या, पण आवाज खाली ठेवून, छताकडे पाहत. लेआउटमधल्या कुणाच्या तरी शिकल्या-सवरल्या सुनेनं त्यांना यंत्राची गोम सांगितली असावी. एका नळाच्या दिवशी बाईंनी खोलीभर दोऱ्या बांधून ओल्या चादरी वाळत घातल्या आणि भास्कररावांच्या फोनवर सगळं घर डांबरासारखं काळं झालं.

"पाहिलं? पाहिलं कशी पाण्यानं चकवून राहिली मले!" ते ओरडले.

"अहो, बाईमाणूस आहे. तिनं काय उघड्यावर बसावं?"

"दिसते का ती? दिसतच नाही ती!"

"तुमच्या घरातलं सामान कुणी रोज मोजलं तर तुम्हाला चालंल?"

चादरी दुपारपर्यंत वाळल्या, त्या उन्हात काय वाळत नाही! चित्र परत आलं, काटा लाल झाला, नोटीस गेली: आतल्या खोलीतला भार पंधरवड्यात कमी करावा.

बाईंनी तो कमी केला. टाकून नाही, हलवून. दोन दिवस वर ओढाओढीचा आवाज चालला होता. मधलं गाठोडं चित्रातून विरघळलं आणि भिंतींच्या कडा काळ्या होत गेल्या. बाई एकेक वस्तू भिंतीला लावून वर रचत होत्या, थेट छतापर्यंत. काटा हिरव्यावर आला. देवघरातला चुना थांबला. भास्कररावांनी देवाला खडीसाखर ठेवली.

*

गुरुवारी दुपारी वर मोठ्यानं धप्प झालं. पाठोपाठ लहानमोठी खडखड, जणू एखादी बस उलटून तिच्यातले डबे घरंगळले. मग शांत.

भास्करराव जिन्याच्या वळणापर्यंत गेले. "बाई! काय पाडलं?"

वरून उत्तर आलं नाही. आता त्या त्यांना उत्तर देतच नसत, त्यामुळे त्यात नवल वाटलं नाही. ते खाली आले आणि फोन उघडला. उत्तरेच्या भिंतीची काळी कड फुटून खोलीत पसरली होती. आणि तिच्या खाली, भिंतीला चिकटून, एक नवा डाग होता. लांबट, गडद. पाण्याचा असावा तसा गडद.

"मंदे, हे पाहा. पिंप भरून ठेवला तिनं. पुन्हा तेच नाटक."

"पाणी कुठून आणलं? नळ तर उद्या आहे."

"काल गल्लीत टँकर नव्हता उभा? घेतला असंल पाइप वर."

डाग विचित्र होता. लुकलुकत होता. दिसायचा, नाहीसा व्हायचा, पुन्हा दिसायचा. भास्कररावांना लुकलुकणारा काटा कधीच खपला नव्हता. असा मीटर ते ताबडतोब 'सदोष' म्हणून नोंदवत. त्यांनी कंपनीकडे तक्रार टाकली. फोननं तिथल्या तिथे प्रश्न विचारला: हा आकार अस्पष्ट आहे. काय निवडता, 'वस्तू' की 'माहीत नाही'?

'माहीत नाही' हे भास्कररावांनी नोकरीत कधी लिहिलं नव्हतं. त्यांनी 'वस्तू'वर बोट ठेवलं.

लुकलुक थांबली. डाग काळाभोर, स्थिर झाला. वजनात पन्नासेक किलोंची भर पडली, काटा लाल झाला आणि नोटीस गेली. क्षणभरानं त्यांच्या डोक्यावर, छताच्या पलीकडे, बाईंचा फोन 'टुंग' वाजलेला त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

"पोचली," ते म्हणाले.

*

शुक्रवारी नळ आला. ज्यांनी ते गाव पाहिलेलं नाही त्यांना नळाचा दिवस सांगून समजणार नाही. त्या दिवशी आजारी माणूस उठून बसतो आणि भांडलेल्या जावा एका पाइपला हात लावतात. अंगणात घागरी, बादल्या, टोप, पातेली, अगदी चहाची किटलीसुद्धा रांगेत लागली होती. फक्त निळ्या दांड्याची एक बादली तिथं नव्हती.

"बाई आल्या नाहीत," मंदाताई म्हणाल्या.

"भरलाय तिनं पिंप."

"अहो, पिंप भरला असला म्हणून नळाच्या दिवशी कोणी खाली येत नाही, असं होते का? तीन पिंप भरले असले तरी बाई येतात. मी येते, वानखडीण येते, सगळं गाव येते."

"हे पाहा ना." त्यांनी फोन पुढे केला. "काल होता, आजही आहे. जागचा हललासुद्धा नाही. पाणी आहे म्हणून तर आली नाही."

मंदाताईंनी चित्र पाहिलं. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही, आणि कळत नाही म्हटलं की नवरा तासभर समजावत बसायचा. "मी वर जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"मग ती म्हणंल, बायकोला पाठवलं हेरगिरीला. पुन्हा न्यायाधिकरण. आता तर दंडच होईल. बस खाली."

मंदाताई बसल्या नाहीत, पण वरही गेल्या नाहीत. घागरी भरायच्या होत्या. पाणी जाण्याआधी सगळं भरायचं असतं. हे त्यांनी पुढे कुणाला सांगितलं नाही.

बाराच्या सुमारास तृप्तीचा फोन आला. तिच्या आवाजातली साखर कुठे गेली होती कुणास ठाऊक.

"काका, कालची तुमची तक्रार माझ्याकडे आली. तुम्ही त्या आकाराला वस्तू म्हटलंत. ती वस्तू तुम्ही पाहिलीत?"

"पाहायला मनाई आहे ना! पिंप आहे पाण्याचा."

"काका, मी मूळ लहरी काढून पाहिल्या. मला तो अधिकार नाही, माझी नोकरी जाईल. पण पाण्याचा पिंप लुकलुकत नाही. श्वास खूप मंद असला की यंत्राला ठरवता येत नाही. एकदा वाटतं माणूस, म्हणून पुसतं. एकदा वाटतं सामान, म्हणून दाखवतं. तुम्ही वस्तू म्हटल्यावर त्यानं ठरवायचं सोडलं."

भास्कररावांनी मान वर करून छताकडे पाहिलं.

"काका, अजून हलतंय ते. मूळ लहरींत अजून हलतंय. जा ना वर!"

*

दार आत उघडणारं होतं आणि आत ढिगारा. ते बोटभरसुद्धा हलेना. वानखडेंनी पहार आणून बिजागऱ्या उखडल्या, दार बाजूला केलं, तर समोर दुसरं दार उभं: डबे, सुटकेसी, छत्र्या, शाळेची दप्तरं, हेल्मेटं, एक तबला आणि कुणाची तरी कुबडी, सगळं एकमेकांत अडकून भिंत झालेलं.

मग जिन्यावर माणसांची साखळी लागली. एक वस्तू वरून निघायची, हातोहात खाली यायची आणि रस्त्यावर उन्हात पडायची. अख्खं लेआउट उभं होतं. सुरुवातीला सगळे गप्प होते. पण माणसं ती माणसंच. "अबे, ही तर माझ्या बाबाची छत्री!" कुणीतरी ओरडलं आणि छत्री बगलेत मारून साखळीत परत उभा राहिला. मग एकीला डबा सापडला. एका म्हाताऱ्याला कुठलासा चष्मा बरा लागला, त्यानं तो ठेवून घेतला. बाईंनी कोणाला कधी दाखवलं नव्हतं ते सगळं घर पोटातल्या आतड्यांसारखं रस्त्यावर आलं, आणि जो तो वाकून पाहत होता. भास्करराव सगळ्यांत वर होते. हात सोलले होते, श्वास पुरत नव्हता. ते वस्तू मागे फेकत होते आणि एकच म्हणत होते, "बाई, आवाज द्या. आवाज तर द्या."

आवाज आला नाही. पण ट्रंकेच्या खाली, भिंतीलगत, छत्र्यांच्या काड्यांच्या जाळ्यात बाईंचा हात होता, आणि तो गरम होता.

बाहेर काढलं तेव्हा ओठ फुटलेले, डोळे उघडे. मंदाताईंनी नळाचं ताजं पाणी चमच्यानं तोंडात घातलं. बाईंची नजर रिकाम्या दारातून जिन्याकडे, जिन्यावरून रस्त्याकडे गेली. तिथं वानखडेंचा भाचा कुणाचं तरी दप्तर पाठीला लावून पाहत होता.

"जे नेऊन राहिले," बाई कशाबशा म्हणाल्या, "त्यांची पावती घेतली का?"

*

खुबा मोडला होता. बाई महिनाभर रुग्णालयात होत्या. तेवढ्यात उरलेलं सामान धोकादायक म्हणून ट्रकमध्ये भरून गेलं. कुणी विरोध केला नाही. करणार कोण? भास्कररावांनी दोन खोल्या धुऊन घेतल्या. काटा हिरव्याच्याही खाली, शून्याजवळ आला. त्यांना हवं होतं ते सगळं झालं होतं.

तृप्तीची नोकरी गेली. कंपनीनं भास्कररावांना पत्र पाठवून त्यांनी सर्व नियम पाळल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. मंदाताई घरात आवश्यक तेवढंच बोलू लागल्या. सकाळी नवऱ्यानं चहा मागितला की म्हणायच्या, "चित्रात पाहून घ्या ना आधी, केला का नाही ते."

बाई घरी आल्या त्या वॉकरच्या आधारानं. भास्करराव जिन्याशी उभे होते. आधाराला हात पुढे केला, तो बाईंनी पाहिलाच नाही. एकेक पायरी चढून त्या वर गेल्या. नवं दार आतून लागलं. खाली दोघंही कान देऊन बसले. वॉकरचे रबरी पाय ठक-ठक करत पहिल्या खोलीतून दुसरीत गेले, भिंतीपाशी गेले, दुसऱ्या भिंतीपाशी गेले, परत आले. मग थांबले.

त्यानंतर आवाज नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही.

भास्कररावांनी न ठरवता फोन उघडला. पांढरंशुभ्र चित्र. एक पलंग, एक बादली, बस्स. ते त्या पांढऱ्याकडे पाहत राहिले. त्यात कुठंतरी एक म्हातारी बसली असणार. कुठं, ते कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी फोन चटईवर उपडा ठेवला आणि जिना चढायला लागले. वळण आलं. वळणाच्याही वर गेले. दारावर हलकेच टकटक केली.

"कोण?"

"मी. ढोमणे."

"काय काम आहे?"

भास्कररावांना काम सुचेना. "काही नाही. आवाज ऐकून घ्यावा म्हटलं."

आतून वॉकरची ठक-ठक दाराजवळ आली.

"ते यंत्र चालू आहे का खाली?"

"आहे."

"मग त्यात पाहा की."

"त्यात तुम्ही दिसत नाही, बाई."

"नाही ना?" आतून बाई म्हणाल्या. "मग बरी आहे म्हणायची."

दार उघडलं नाही. भास्करराव उभे राहिले, मग गुडघ्याला हात लावून वरच्याच पायरीवर बसले. खालून मंदाताईंनी एकदा हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही, तेव्हा त्या लगबगीनं जिना चढून वर आल्या आणि नवऱ्याला तिथं बसलेलं पाहून काही न बोलता शेजारी बसल्या.